मॉरिशस, ऑगस्ट: बोट टूर, डोंगर, धबधबे... काय घ्यावं, काय सोडावं?

अनुजा_क
नमस्कार मंडळी, १५ ऑगस्टला जोडून मॉरिशसला जायचं ठरतंय. आम्ही दोघं, मुलगी (वय ९, पाण्यात सोडली की बाहेर येत नाही) आणि सासूबाई, ज्यांचे गुडघे दुखतात पण उत्साह आमच्या तिघांपेक्षा जास्त. एजंटने प्लॅन पाठवलाय तो असा: हॉटेल पूर्व किनाऱ्याला बेल मारला, मग एक दिवस "नॉर्थ टूर" म्हणजे पोर्ट लुई आणि शॉपिंग, एक दिवस "साऊथ टूर" म्हणजे ज्वालामुखीचं विवर, गंगा तलाव, शामारेलची सात रंगांची माती, एक दिवस इल ओ सेर्फ बेटावर स्पीडबोट, पॅरासेलिंग वगैरे, आणि एक दिवस डॉल्फिनबरोबर पोहणे. वर "अंडरवॉटर वॉटरफॉल" दाखवणार असंही लिहिलंय. टोकन अजून दिलेलं नाही. जाऊन आलेल्यांनी सांगा ना, यातलं काय खरंच बघण्यासारखं आहे आणि काय नुसतं गाडीत बसणं आहे?

टिवल्याबावल्या
शॉपिंगचा दिवस काढून टाका. झाला माझा प्रतिसाद. 😀

वाटसरू
अनुजा, यादी ठीक आहे पण हॉटेलच्या जागेबद्दल आधी बोलू कारण बाकी सगळं त्यावर ठरतं. ऑगस्ट म्हणजे तिकडे हिवाळा, आणि हिवाळ्यात आग्नेयेकडून व्यापारी वारे धो धो वाहतात, जून ते सप्टेंबर तर सगळ्यात जास्त. बेल मार बरोब्बर त्या वाऱ्याच्या तोंडावर आहे. म्हणजे तुम्ही पैसे भरून घेतलेल्या त्या सुंदर पांढऱ्या वाळूवर बसलात की वाळू चहाच्या कपात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तोच किनारा स्वर्ग असतो, त्यामुळे एजंट खोटं बोलतोय असं नाही, त्याच्याकडे बारा महिने एकच प्लॅन आहे इतकंच. ऑगस्टमध्ये उत्तरेला ग्रां बे, त्रू ओ बिश, मों श्वाझी किंवा पश्चिमेला फ्लिक आं फ्लाक इथे राहा, मधल्या डोंगरांच्या आडोशामुळे तिथे समुद्र बराच शांत असतो आणि पश्चिमेला सूर्यास्त फुकट.

एक अपवाद लक्षात ठेवा. ल मॉर्न नकाशावर पश्चिमेला दिसतं पण ते नैऋत्येचं टोक आहे, तिथे वारा वळून येतो, म्हणूनच जगभरचे काइटसर्फिंगवाले (मोठ्या पतंगाला धरून पाण्यावर घसरणारे) तिथे गोळा होतात. त्यांना जे हवं ते सासूबाईंना नको असणार.

निवांत_नलू
वाटसरूंना +१. आम्ही जुलैत पूर्वेला होतो, हॉटेल सुरेख होतं आणि आम्ही सगळा वेळ स्विमिंग पूलच्या काचेमागे काढला. पाणी पण गार असतं हो त्या दिवसांत, २२-२३ अंश, मुलीसाठी पूर्ण बाह्यांचा जाड स्विमसूट घ्या.

सतीशकाका
सर्वांना नमस्कार. मला एक कळत नाही, हल्ली प्रत्येक जण पॅकेजला नावं का ठेवतो. आम्ही ज्येष्ठ नागरिकांचा ग्रुप पॅकेजनेच गेलो, बस दारात, मराठी जेवण, कुठे काही शोधायला लागलं नाही. गंगा तलावाला जरूर जा. विवरात साठलेलं तळं आहे, काठावर देवळं, आणि १०८ फुटी शंकर उभा. महाशिवरात्रीला बेटभरातून लोक कावडी घेऊन चालत येतात. आपल्या माणसांनी इतक्या लांब येऊन हे उभं केलं हे बघून ऊर भरून येतो. माकडांपासून प्रसाद सांभाळा.

वाटसरू
काका, पॅकेजला नावं नाहीत, एकाच दिवशी सगळा दक्षिण भाग कोंबण्याला आहेत. विवर, गंगा तलाव, घाटातला व्ह्यू पॉइंट, शामारेल, धबधबा, वर रमची डिस्टिलरी. प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं आणि फोटो. शिवाय त्यातलं बरंचसं मधल्या पठारावर, जिथे किनाऱ्यावर लख्ख ऊन असताना धुकं आणि पाऊस असतो. त्या पठारावरच्या क्युर्पीपच्या विवराच्या काठी जाऊन काहीही न दिसता परत आलेले लोक मला माहीत आहेत.

क्युर्पीपकर
क्युर्पीपचं नाव निघालं म्हणून लिहितोय, नोकरीनिमित्त बरीच वर्षं इथेच आहे. हो, इथे छत्री आणि स्वेटर दोन्ही कायम गाडीत असतात, किनाऱ्यावरून चड्डी-बनियनवर आलेले पर्यटक विवरापाशी कुडकुडताना रोज दिसतात. एजंट सांगत नाही ते सांगतो.

बेटाच्या जवळजवळ सगळ्या बाजूंनी प्रवाळाची भिंत आहे, किनारा आणि ती भिंत यांच्या मधलं उथळ शांत पाणी म्हणजे लगून, आणि सगळं पोहणं, साध्या बोटी, काचेच्या तळाच्या बोटी हे त्या लगूनमध्ये चालतं. किनाऱ्यावर उभं राहिलात की लांबवर एक पांढरी रेघ दिसते, लाटा तिथेच फुटतात. दक्षिणेला सुयाकजवळ ग्रि ग्रि म्हणून जागा आहे, तिथे ही भिंतच नाही. सरळ खुला महासागर येऊन काळ्या कड्यावर आपटतो. बघायला जबरदस्त, हिवाळ्यात तर अजूनच, पण तिथे पाण्यात उतरायचं नाही, कितीही स्वच्छ दिसलं तरी. मुलीला आधीच सांगून ठेवा. साधा नियम: पांढरी रेघ लांब दिसत असेल तर पोहा, लाटा पायाशी फुटत असतील तर फोटो काढा आणि वडापाव... सॉरी, दालपुरी खा.

आणि तो पाण्याखालचा धबधबा. तो "दाखवणार" म्हणजे कसा ते विचारा एजंटला. ल मॉर्नच्या टोकाशी लगूनमधली वाळू आणि गाळ उतारावरून खोल समुद्राकडे सरकत जातो, त्याच्या पट्ट्यांमुळे वरून बघताना धबधबा कोसळतोय असा भास होतो. फक्त हवेतून दिसतो, म्हणजे हेलिकॉप्टर किंवा सी-प्लेन. बोटीतून किंवा बसमधून दाखवतो म्हणणारा माणूस तुम्हाला समुद्र दाखवणार.

अनुजा_क
बापरे, इतकं कोणी सांगितलंच नव्हतं. एजंटला फोन केला, तो म्हणाला "मॅडम, हेलिकॉप्टर ऑप्शनल आहे". किंमत ऐकून नवऱ्याने टीव्हीचा आवाज वाढवला. मग इल ओ सेर्फ पण रद्द करायचं का? मुलीने फोटो बघून ठेवलेत.

टिवल्याबावल्या
नवऱ्यांची ही पद्धत जागतिक आहे.

गोदाकाठ
इल ओ सेर्फला जा पण स्वतः जा, पॅकेजच्या स्पीडबोटीतून नको. त्रू दो दूस गावातून बोटी सुटतात, वीसेक मिनिटांत पोचतो. स्पीडबोटवाले आधी ग्रां रिव्हिएर सुद-एस्त नदीच्या मुखाशी धबधब्याला नेतात, धबधबा छोटासाच आहे पण दहा बोटी एकाच वेळी त्याच्या तोंडाशी इंजिन चालू ठेवून उभ्या, डिझेलचा वास, वर झाडावर माकडं आपल्याकडे बघतायत. मग बेटावर उतरवतात आणि तिथून प्रत्येक खेळाला वेगळे पैसे. आमच्याकडून "सगळं इन्क्लूडेड" म्हणून पैसे घेतलेल्या ऑपरेटरने तिथे पोचल्यावर पॅरासेलिंग, ट्यूब, जेवणानंतरच्या खुर्च्या सगळ्याचे वेगळे लावले, आणि त्या दिवशी वाऱ्यामुळे पॅरासेलिंग बंद झालं तर परतावा द्यायला टाळाटाळ. नाव नाही लिहीत, पण पावतीवर "हवामानामुळे रद्द झाल्यास परतावा" हे लिहून घ्या, तोंडी नको.

बेटाबद्दल मात्र तक्रार नाही. उतरतात तिथेच सगळी गर्दी थांबते. किनाऱ्याने दहा मिनिटं चालत गेलं की वाळूचे उथळ पट्टे लागतात, पाणी गुडघाभर, मुलांना तासन्‌तास पुरतं.

पाणकोंबडी
स्पीडबोटबद्दल सासूबाईंसाठी खास सूचना. वारा असताना लगूनमध्येसुद्धा बोट आपटत जाते, कंबर आणि गुडघे दोन्ही बोलायला लागतात. कॅटामरान घ्या, दोन तळांची रुंद बोट, डुलते पण आपटत नाही. त्यातही उत्तरेची बेटं (कोअँ द मिर, इल प्लात, गाब्रिएल) दाखवणारी ग्रां बेहून सुटणारी टूर ऑगस्टमध्ये मी घेणार नाही, ती लगूनबाहेर खुल्या समुद्रातून जाते आणि अर्धी बोट कठड्याला धरून उलट्या करत असते. पश्चिमेची घ्या: काळी नदी भागातून सुटते, डॉल्फिन, मग लगूनच्या मधोमध उभा असलेला प्रवाळी खडक ज्याला क्रिस्टल रॉक म्हणतात, मग इल ओ बेनितिए, बार्बेक्यू, परत. आडोशाची बाजू असल्यामुळे हिवाळ्यातही चालते.

स्कूबा कोणी करणार असेल तर दोन गोष्टी. लहानांना १० वर्षं पूर्ण लागतात, म्हणजे कन्या यंदा नाही. आणि शेवटच्या डाइव्हनंतर विमानात बसेपर्यंत निदान १८ तास जाऊ द्या, रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. म्हणून स्कूबा सुरुवातीच्या दिवसांत, स्नॉर्कलिंग शेवटच्या दिवशी केलं तरी चालतं. पोहता न येणाऱ्यांसाठी डोक्यावर हेल्मेट घालून समुद्रतळावर चालण्याचा प्रकार आहे, तीन-चार मीटर खोल, हेल्मेटमध्ये वरून हवा सोडत राहतात, चेहरा कोरडा, चष्मासुद्धा चालतो. सर्दी असेल तर मात्र यातलं काहीच नको, कान फुटल्यासारखे दुखतात.

खारुताई
डॉल्फिनबरोबर पोहण्याबद्दल कोणीच काही बोलत नाहीये म्हणून मी वाईट होते. पश्चिमेला तामारँच्या उपसागरात पहाटे डॉल्फिन येतात, रात्रभर खोल पाण्यात शिकार करून विश्रांती घ्यायला. त्या विश्रांतीच्या वेळेत पंधरा-वीस बोटी त्यांना घेरतात, कळप जिकडे वळेल तिकडे बोटी वळतात आणि प्रत्येक बोटीतून लोक त्यांच्या अंगावर उड्या मारतात. बोटींनी किती लांब राहायचं याचे नियम आहेत, पण दोन बोटींत चढाओढ लागली की नियम कोण बघतो. तुम्ही बोटीतूनच बघा. ऑगस्टमध्ये नशीब असेल तर हंपबॅक देवमासेसुद्धा दिसतात, दक्षिणेच्या थंड पाण्यातून पिलं द्यायला वर येतात.

सल्लागार
खारुताई, मग माणसाने सहलीला जाऊच नये का? चार बोटी गेल्याने डॉल्फिन मरत नाही. मुलांना निसर्ग जवळून बघू दे की.

खारुताई
मरत नाही, झोपत नाही. रोज सकाळी तुमच्या बेडरूममध्ये वीस जण फोटो काढायला आले तर तुम्हीही मरणार नाही. जवळून निसर्ग बघायचाय ना, मग इल ओ ऐग्रेतला जा, त्याचं नाव एकाही पॅकेजमध्ये दिसत नाही. आग्नेय किनाऱ्यावरच्या माएबूरजवळ समुद्रात २६ हेक्टरचं छोटं प्रवाळी बेट, तिथली वन्यजीव संस्था गाईडबरोबरच फिरवते, बीच नाही, खेळ नाहीत. मॉरिशसचं मूळ एबनीचं (काळ्या लाकडाच्या झाडांचं) जंगल राखून परत वाढवलंय. गुलाबी कबुतर बघायला मिळतं, १९९०च्या सुमारास जंगलात दहाच्या आसपास उरली होती ती, आता शेकड्यांत आहेत. आमच्या डोक्यावरच्या फांदीवर एक येऊन बसलं, पायात रंगीत कडी, कारण जवळजवळ प्रत्येक पक्ष्याची नोंद ठेवतात. गाईडने कड्यांचे रंग वाचून वहीत लिहिलं आणि मग पुढे चालू लागला. वाटेत सेशेल्समधल्या आल्डाब्रा बेटाहून आणलेली अजस्र कासवं मोकळी फिरतात. मूळची इथली कासवं माणसांनी खाऊन संपवली, मग बी पसरवायचं काम कोण करणार, म्हणून ही आणली. नऊ वर्षांच्या मुलीला हे डॉल्फिनपेक्षा जास्त लक्षात राहील, पैज. वाट सपाट आहे, सासूबाईंना हळूहळू जमेल, फक्त बोटीत चढताना हात द्या.

सल्लागार
बरं, कासवाला माझा विरोध नाही.

क्युर्पीपकर
खारुताईंनी माएबूर काढलंच आहे तर तिथून जवळच ब्ल्यू बे. १९९७ला राष्ट्रीय उद्यान झालं, २००० पासून मरीन पार्क. काचेच्या तळाच्या बोटी तिथल्याच चांगल्या. बोटवाला आधी एक फडकं घेऊन काच आतून पुसतो, मग इंजिन बंद करून बोट वाहवत नेतो आणि खाली माणसाएवढे, मेंदूसारख्या वळ्यांचे गोल प्रवाळ सरकताना दिसतात. सकाळी लवकर जा, दुपारी वारा वाढला की पाणी ढवळतं आणि काचेतून नुसतं निळं दिसतं. बोटीत चढायला बऱ्याचदा थोडं पाण्यातून जावं लागतं, साडी असेल तर अडचण. विमानतळ पण त्याच बाजूला असल्याने परतीच्या दिवशी सकाळी हे बसतं, उगाच एक पूर्ण दिवस मोडू नका.

२०२०च्या जुलैत 'वाकाशियो' जहाज तिथेच पॉइंट देस्नीजवळ प्रवाळावर चढलं होतं आणि पुढच्या महिन्यात तेल गळलं. लोकांनी उसाची सुकी पानं कापडात भरून लांबलचक तरंगते बांध शिवले होते, केस कापून दिले होते तेल शोषायला. म्हणून इथले बोटवाले पाण्यात पिशवी टाकलेली बघितली की पर्यटक आहे की कोण हे बघत नाहीत, सरळ ओरडतात. शिंपले-प्रवाळ उचलून सामानात आणू नका, बंदी आहे.

टिवल्याबावल्या
माझ्या बायकोचा अर्धा शोकेस बाद झाला.

सह्यवेडा
डोंगर कोणीच घेतला नाही का? ल मॉर्न ब्राबाँ, ५५६ मीटर, समुद्रातून थेट उठलेला कातळ. ऑगस्टच्या थंडीत चढायला उत्तम, उन्हाळ्यात भाजून निघतो. पहिला अर्धा भाग रुंद मातीची वाट, मुलगी आरामात जाईल, तिथूनच लगूनचे सगळे निळे दिसतात. पुढे कातळावर हात-पाय दोन्ही लावून चढावं लागतं, ओलं असेल तर अजिबात नको, आणि गाईडशिवाय लहान मुलांना नेऊ नका. आपल्या सह्याद्रीतल्या अनुभवाच्या जोरावर "एवढं काय त्यात" म्हणून गेलेले बरेच जण अर्ध्यातून परततात, कारण तिथला कातळ घसरडा आहे आणि बाजूला सरळ दरी. या डोंगरावर पळून आलेले गुलाम लपून राहायचे, गुलामगिरी तिथे १ फेब्रुवारी १८३५ला संपली, म्हणून २००८ पासून जागतिक वारसा.

सतीशकाका
आणि गुलामगिरी संपणार म्हणून मग ऊस तोडायला आपली माणसं नेली, हे पण लिहा. पोर्ट लुईला बंदराजवळच आप्रवासी घाट आहे. १८३४ पासून करारावर नेलेले मजूर, जवळजवळ पाच लाख, त्या घाटावर उतरले. दगडी पायऱ्या उरल्यात. आमच्या बसने तिथे थांबायचंच नाही असं ठरवलं होतं, मॉलला दोन तास होते. आम्ही सहा-सात जणांनी मॉल सोडला आणि चालत तिथे गेलो. त्यात रत्नागिरीकडची, कोकणातली माणसं पण होती, मुंबई बंदरातून जहाजं जायची. आजही तिथे मराठी आडनावं भेटतात, गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते.

वाटसरू
काका, हे तुम्ही आधी का नाही लिहिलंत! अनुजा, "नॉर्थ टूर"मधलं शॉपिंग काढून त्या जागी आप्रवासी घाट आणि पाम्प्लमूसची बाग घाला. बागेत ते थाळ्यांसारख्या पानांचं राक्षसी वॉटर लिली आहे, सासूबाईंना सावलीत सपाट चालता येईल.

क्युर्पीपकर
काका, पश्चिमेला कास्काव्हेल नावाचं गाव आहे, मराठी वस्तीचं. अनुजा फ्लिक आं फ्लाकला राहिली तर अगदी जवळ. कासेला नेचर पार्क पण त्याच भागात आहे, झिपलाइन, जिराफ, झेब्रे, मुलीचा एक अख्खा दिवस तिथे जातो. आणि मोका नावाच्या गावी महात्मा गांधी संस्थेत या मजुरांची जुनी कागदपत्रं जपून ठेवलीत, फोटोंसकट.

अनुजा_क
सगळ्यांचे मनापासून आभार, सासूबाईंना हा धागा मोठ्याने वाचून दाखवला. त्या रत्नागिरीच्याच, आता म्हणतायत कास्काव्हेलला जायचंच. मग बदललेला प्लॅन असा:

हॉटेल फ्लिक आं फ्लाक. आल्यावर एक दिवस काहीही नाही, नुसता किनारा. पश्चिमेची कॅटामरान, डॉल्फिन बोटीतूनच. शामारेल आणि घाट वेगळ्या दिवशी, आकाश बघून सकाळी ठरवायचं. कासेला आणि कास्काव्हेल एक दिवस. पोर्ट लुई, आप्रवासी घाट, बाग एक दिवस. नवरा एकटा ल मॉर्न चढणार म्हणतोय (बघू). इल ओ सेर्फ वारा कमी असेल तर, नसेल तर नाही. शेवटी माएबूरकडे एक रात्र, दुपारी इल ओ ऐग्रेत, सकाळी ब्ल्यू बे आणि मग विमान. एजंटला फक्त विमान आणि हॉटेल द्यायचं, गाडी ड्रायव्हरसकट तिथे घ्यायची.

राहिलेले प्रश्न: पायात काय घालायचं पाण्यात? आणि आम्ही शाकाहारी, बोटीवर काय खायचं?

पाणकोंबडी
रबरी तळाचे पाण्यातले बूट, चौघांना, इथूनच घेऊन जा. समुद्री साळू तर सगळीकडे असतात, त्यांचे काटे टाचेत मोडतात. स्टोनफिश त्याहून वाईट, दगडासारखा दिसतो आणि त्याच्या पाठीवरच्या काट्यात विष असतं, लागला तर पाय सोसवेल तितक्या गरम पाण्यात बुडवून थेट दवाखाना.

निवांत_नलू
रविवारी किनाऱ्याला गर्दी असते हं, तिथली कुटुंबं तंबू, भांडी, रावान (डफासारखं वाद्य) घेऊन दिवसभराला येतात, सेगा हा तिथला लोकनाच नाचतात. आम्हाला तेच सगळ्यात आवडलं. कास्काव्हेल मात्र रविवारीच करा, लोक घरी भेटतील.

गोदाकाठ
शाकाहारी बुक करतानाच सांगा आणि शेगडी वेगळी मागा, नाहीतर त्याच जाळीवर मासळीशेजारी बटाटा भाजून देतात. काही बोटींवर आधी कळवलं तर पनीर नाहीतर भाज्या-भात करतात. तरी पिशवीत ठेपले असू द्या.

टिवल्याबावल्या
ठेपले किती नेताय ते लिहा, त्यावरून मी येतो की नाही ठरवतो.